टिंगीची गोधडी काळी कोणी केली

रस्त्याच्या कडेला एक इमारत होती. इमारतीत खाली होतं शिंप्याचं दुकान. दुकानात होती शिलाई मशीन. खडखड खडखड. मशीनच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, राहायची एक चिचुंद्री. एवढीशी. अंगठ्याएवढी. तिचं नाव टिंगी.

टिंगीची एक गोधडी होती. लाल चिंधी, पिवळी चिंधी, निळी चिंधी. शिंपीकाका कापड कापायचे, कात्रणं खाली पडायची. टिंगी एक एक ओढून आणायची. दातांनी ओढायची, पायांनी चेपायची. अशी झाली गोधडी. मऊ मऊ.

गोधडीशिवाय टिंगीला झोप येत नसे. अजिबात नाही.

एके दिवशी टिंगी उठली. आक्छी. पुन्हा आक्छी. कसला हा वास? कुबट, कुबट. टिंगीने गोधडीकडे बघितलं.

लाल गेलं. पिवळं गेलं. निळं गेलं. गोधडी काळी. काळे ठिपके, हिरवे ठिपके, ठिपक्यांवर बारीक बारीक केस. बुरशी.

टिंगीच्या मिशा ताठ. शेपूट ताठ. डोळे मोठ्ठे.

तिने गोधडी ओढली. अंगणात नेली. उन्हात वाळवली. परत आणली. अंथरली. झोपायला गेली, तर गोधडी पुन्हा गार. पुन्हा ओली. सकाळी बघते तर आणखी काळी.

पाऊस तर कधीच थांबला होता. अंगण कोरडं होतं. रस्ता कोरडा होता. मग हे पाणी कुठलं? टिंगीने मागे हात लावला. भिंत ओली. थबथबीत.

टिंगी म्हणाली, "भिंतबाई, भिंतबाई, गोधडी काळीच. वाळ ना गं जरा."

भिंत म्हणाली, "मी का वाळू? काका पुसतील, तर मी वाळेन."

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. चिचुंद्री कधी मधून चालत नाही. भिंतीच्या कडेकडेनेच जाते. म्हणून तिला ते दिसतं, जे कोणाला दिसत नाही. सगळ्या वस्तूंच्या मागचं.

दुकानात एक उंच आरसा होता. गिऱ्हाइकं त्यात नवा सदरा बघायची. टिंगी आरशाच्या मागून गेली. आरशाच्या मागे भिंत काळी. हिरवी. केसाळ. काकांना ठाऊक होतं. म्हणूनच तर तिथे आरसा ठेवला होता.

टिंगीच्या मिशा ताठ. शेपूट ताठ. डोळे मोठ्ठे.

"शिंपीकाका, शिंपीकाका,
भिंत वाळेना,
गोधडी काळीच.
पुसा ना हो जरा."

शिंपीकाकांच्या, म्हणजे रंगनाथकाकांच्या, तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी टाचण्या काढल्या आणि म्हणाले, "मी का पुसू? पाणी येतं वरून. वर दवाखाना आहे. डॉक्टर उठतील, तर मी पुसेन."

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. पायरीवर टुण, पायरीवर टुण. आला पहिला मजला.

दवाखान्यात सगळे खोकत होते. खॉक खॉक. खॉक खॉक. डॉक्टर टिळेकर खुर्चीत बसून औषध देत होते. लाल औषध, गोड औषध. माणसं औषध प्यायची, तिथेच बाकावर बसायची, पुन्हा खोकायची. बाकाच्या वर होतं एका हसऱ्या बाळाचं चित्र. मोठ्ठं. टिंगी चित्राच्या मागे डोकावली.

बाळाच्या मागे भिंत काळी. हिरवी. केसाळ.

टिंगीच्या मिशा ताठ. शेपूट ताठ. डोळे मोठ्ठे.

"डॉक्टर, डॉक्टर,
काका पुसेनात,
भिंत वाळेना,
गोधडी काळीच.
उठा ना हो जरा."

डॉक्टर म्हणाले, उठायला वेळ कुठे आहे? बघतेस ना किती जण खोकतायत ते. "पाणी येतं वरून. वर शिकवणी आहे. बाई बघतील, तर मी उठेन."

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. पायरीवर टुण, पायरीवर टुण. आला दुसरा मजला.

कुमुदबाईंची शिकवणी चालू होती. मुलं ओरडून म्हणत होती, स्वच्छ हात, स्वच्छ दात, स्वच्छ घर. बाई छडीने फळ्यावर टकटक करत होत्या. भिंतभर एवढा मोठा फळा. टिंगी फळ्याच्या मागून गेली.

स्वच्छ हात, स्वच्छ दात, स्वच्छ घर. त्याच्या मागे भिंत काळी. हिरवी. केसाळ.

टिंगीच्या मिशा ताठ. शेपूट ताठ. डोळे मोठ्ठे.

"बाई, बाई,
डॉक्टर उठेनात,
काका पुसेनात,
भिंत वाळेना,
गोधडी काळीच.
बघा ना हो जरा."

बाईंनी मान वळवली. फळ्याकडे नाही, खिडकीकडे. फळ्याच्या मागे काही नसतं, असं त्या म्हणाल्या. मी बघितलं नाही, म्हणजे नाहीच. "आणि असलंच, तर पाणी येतं वरून. वर इमारतीचे चेअरमन अप्पा राहतात. अप्पा हलतील, तर मी बघेन."

मोठी माणसं अशीच असतात. आधी झाकतात, मग बोट दाखवतात. आणि बोट नेहमी वर.

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. पायरीवर टुण, पायरीवर टुण. दमली. बसली. आक्छी. पुन्हा उठली. आला तिसरा मजला.

चेअरमन अप्पा आरामखुर्चीत होते. डुलुक डुलुक. त्यांच्या मागे भिंतीवर होता एक फोटो. फोटोत अप्पाच. गळ्यात हार, अंगावर शाल, हातात बक्षीस. कसलं बक्षीस? स्वच्छ इमारतीचं. टिंगी फोटोच्या मागे डोकावली.

फोटोच्या मागे भिंत काळी. सगळ्यांहून काळी. सगळ्यांहून हिरवी. सगळ्यांहून केसाळ.

टिंगीच्या मिशा ताठ. शेपूट ताठ. डोळे मोठ्ठे.

"अप्पा, अप्पा,
बाई बघेनात,
डॉक्टर उठेनात,
काका पुसेनात,
भिंत वाळेना,
गोधडी काळीच.
हला ना हो जरा."

अप्पा हलले नाहीत. डुललेही नाहीत. ते म्हणाले, आमच्या लहानपणी भिंती याहून ओल्या असायच्या. आम्हाला कुठे काय झालं? असं म्हणाले आणि खोकले. खॉक खॉक खॉक. मग डोळे मिटून म्हणाले, "पाणी येतं वरून. वर गच्ची आहे. गच्ची सुकेल, तर मी हलेन."

टिंगी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. आली गच्ची.

आणि गच्चीवर काय? तळं. केवढं तळं. पावसाचं पाणी साठलेलं, टाकी भरून वाहिलेलं पाणीही साठलेलं. त्यात ढग दिसत होते. त्यात कावळा अंघोळ करत होता. फडफड फडफड.

टिंगीच्या मिशा ताठ. शेपूट ताठ. डोळे मोठ्ठे.

"गच्ची गं, गच्ची गं,
अप्पा हलेनात,
बाई बघेनात,
डॉक्टर उठेनात,
काका पुसेनात,
भिंत वाळेना,
गोधडी काळीच.
सूक ना गं जरा."

गच्ची म्हणाली, "मला का हौस आहे भिजायची? पाणी जायला एक भोक आहे. भोक मोकळं होईल, तर मी सुकेन."

टिंगी निघाली. कठड्याच्या कडेकडेने. लुटुलुटु, लुटुलुटु. सापडलं भोक. कोपऱ्यात.

"भोका रे, भोका रे,
गच्ची सुकेना,
अप्पा हलेनात,
बाई बघेनात,
डॉक्टर उठेनात,
काका पुसेनात,
भिंत वाळेना,
गोधडी काळीच.
मोकळं हो ना रे जरा."

भोक म्हणालं, "म्म म्म म्म."

टिंगीने कान लावला. भोक पुन्हा म्हणालं, "म्म म्म म्म." त्याच्या तोंडात कापडाचा बोळा होता. मोठ्ठा बोळा. टिंगीने दातांनी एक टोक बाजूला ओढलं. तेव्हा कुठे भोकाला बोलता आलं.

भोक म्हणालं, "उन्हाळ्यात मोठ्यांनी इथे कुरडया घातल्या. अप्पा म्हणाले, पाइपातून चिचुंद्र्या येतील, कुरडया खातील. मग कोंबला बोळा. कुरडया वाळल्या. डब्यात गेल्या. तळून खाल्ल्या. बोळा इथेच."

चिचुंद्र्या? म्हणजे मी? माझ्यामुळे?

"पण मी कुरडई खातच नाही," टिंगी म्हणाली. "मी किडे खाते."

"ते कोणी विचारलंच नाही," भोक म्हणालं.

टिंगीच्या मिशा ताठ. शेपूट ताठ. डोळे एवढे मोठ्ठे, एवढे मोठ्ठे, की कावळा अंघोळ सोडून बघायला आला.

आता बोळा काढायचा कोणी? टिंगीने इकडे बघितलं. कोणी नाही. तिकडे बघितलं. कोणी नाही. वर बघितलं. वर नुसतं आभाळ. वर आता कोणीच राहत नव्हतं.

मग टिंगी काही असं म्हणाली नाही, की अमका करेल तर मी करेन. टिंगीने बोळा दातांत धरला आणि ओढला.

ओढ ओढ. हलेना.
ओढ ओढ. हलेना.
कुरतड कुरतड. ओढ ओढ. सटकन.

बोळा निघाला. टिंगी उताणी. कावळा उडाला. आणि पाणी निघालं. गर गर गर, गडगड गडगड, धो धो धो. पाइप असा गरजला की सगळी इमारत दचकली. काका टाचण्यांसकट दचकले. डॉक्टर औषधासकट दचकले. बाई छडीसकट दचकल्या. सगळे धावत वर आले, अप्पांच्या घरात. इमारत पडतेय की काय?

टिंगीही आली. वरून खाली. बोळा ओढत. फरफर फरफर. तिने बोळा अप्पांच्या पायाशी टाकला.

"अप्पा, अप्पा, भोक मोकळं झालं. गच्ची सुकतेय. आता हला."

अप्पा म्हणाले, बघू. मीटिंग घेऊ. पुढच्या महिन्यात घेऊ.

इतक्यात रंगनाथकाका वाकले. त्यांनी बोळा उलगडला. बोळ्याला निघाल्या दोन बाह्या. बाह्यांच्या मधे गळा. गळ्याखाली ठिगळ.

काका म्हणाले, "अप्पा, हा तुमचा बनियन. हे ठिगळ मीच लावलंय."

अप्पांनी बनियनकडे बघितलं. बनियनमधून पाणी गळत होतं. टप टप टप.

"ते सगळ्यांचं ठरलं होतं," अप्पा म्हणाले.

"कोंबायचं ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "काढायचं कोणाचं ठरलं होतं?"

अप्पांचे कान लाल झाले. एवढे म्हातारे, पण कान लाल. ते खुर्चीतून उठले. हळूहळू. कुरकुर कुरकुर. भिंतीशी गेले आणि फोटो खाली काढला.

बाईंच्या हातून छडी पडली. डॉक्टरांनी नाक दाबलं. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "माझ्याकडेही आहे. बाळाच्या मागे." बाई म्हणाल्या, "माझ्याकडेही." काका म्हणाले, "आरशाच्या मागे." सगळे एकमेकांकडे बघत राहिले. एकच भिंत, खालपासून वरपर्यंत. प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच काळी.

अप्पा म्हणाले, वरून छान रंग मारून टाकू. पांढरा.

"नाही," टिंगी म्हणाली. एवढीशी टिंगी, पण मोठ्याने म्हणाली. "रंग म्हणजे पुन्हा झाकणंच. आधी पुसा."

मग काय झालं?

भोक मोकळं झालं, गच्ची सुकली.
गच्ची सुकली, अप्पा हलले.
अप्पा हलले, बाईंनी बघितलं.
बाईंनी बघितलं, डॉक्टर उठले.
डॉक्टर उठले, काकांनी पुसलं.

सगळ्यांनी नाकाला फडकी बांधली. खिडक्या उघडल्या, खाड खाड खाड. साबणाचं पाणी आणलं, ब्रश आणले. खसाखसा खसाखसा. पुसलं, खरवडलं, पुन्हा पुसलं. पंखे लावले. भर्र भर्र. बाकावरच्या माणसांना डॉक्टरांनी अंगणात बसवलं. आधीच बसवायला हवं होतं.

भिंत लगेच वाळली नाही. भिंती रुसतात फार. पण उन्हं आली, वारा आला, आणि हळूहळू

भिंत वाळली.

आणि गोधडी?

टिंगीने गोधडी धुतली. पुन्हा धुतली. काळं जाईना. वास जाईना. जी गोष्ट आतून बुरसटते, ती कितीही धुवा. गोधडी टाकून द्यावी लागली. टिंगी खूप रडली. मुसमुस मुसमुस.

काका म्हणाले, रडू नकोस. ही बघ खाली कात्रणं पडलीत. घे हवी तेवढी.

टिंगीने डोळे पुसले. कात्रणांकडे बघितलं. मग वर फळीकडे बघितलं. फळीवर कापडाचे तागे होते. नवे कोरे.

"कात्रण नको," ती म्हणाली. "ताग्यातलं पाहिजे."

"ताग्यातलं? चिचुंद्रीला?" काका म्हणाले.

टिंगी बसली मशीनवर आणि म्हणाली,

"भोक मी मोकळं केलं,
मग गच्ची सुकली,
मग अप्पा हलले,
मग बाईंनी बघितलं,
मग डॉक्टर उठले,
मग काकांनी पुसलं,
मग भिंत वाळली.
आता माझी गोधडी."

काकांच्या हातातल्या टाचण्या खाली पडल्या. टिणटिण टिणटिण. त्यांनी लाल तागा काढला. पिवळा काढला. निळा काढला. कात्री घेतली. कचकच कचकच. मशीन चालली. खडखड खडखड.

झाली गोधडी. अंगठ्याएवढी.

टिंगी कोपऱ्यात गेली. गोधडी अंथरली. भिंतीला नाक लावलं. हुंग हुंग. कसला वास?

कसलाच नाही.

टिंगीच्या मिशा सैल. शेपूट सैल. डोळे मिटले.

टिंगी गोधडीत, गोष्ट कुशीत, आता तुम्हीही झोपा.