मागच्या दारातले भोपळे

"आधी जवारी काढताय, का आधी त्या दारावरनं भांडताय?" बाळगोंडानं विचारलं.

दस्तगीरचाचा शांतपणे कानस पुसत होते. मिरजेतल्या त्यांच्या सतारीच्या कारखान्यात बाळगोंडा घडला होता. त्यानं एकट्यानं केलेली पहिली सतार आज चाचांपुढं होती. सगळं झालं होतं, जवारी तेवढी राहिली होती. तारांखालची घोडी कानशीनं नेमकी घासली की जवारी निघते, त्याशिवाय तार बोलत नाही, आणि ती घासणी चाचांनीच करायची, असा कारखान्याचा रिवाज.

"मागचं दार मोकळं कर," चाचा म्हणाले. "मग काढतो."

"आणि सतारींचे भोपळे कुठं ठेवू? तिथं वारा लागतोय, चांगले वाळतात."

"माणसं कुठनं बाहेर काढू?"

"आजवर कधी आग लागलीय का हितं?"

चाचांनी नुसतं पुढच्या दाराकडं बोट दाखवलं.

तिथं शेगडीवर लाकूड चिकटवायचा सरस रटरटत होता. शेगडीच्या आजूबाजूला लाकडाचा भुसा. मागच्या दारात छातीइतका भोपळ्यांचा ढीग, आणि त्या ढिगाला टेकून हौसाबाई बसलेली. स्पिरिटात विरघळवलेली लाख ती कापडाच्या बोळ्यानं सतारींवर चोळायची. गुडघे पार गेलेले. कुणी हाताला धरल्याशिवाय तिला उठता यायचं नाही.

"चाचा, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार हाय!"

"येऊ दे. मुकी सतार घेऊन जाईल."

झालं! बाळगोंडाचं डोकंच फिरलं. आधीच गडी तापट, त्यात पहिली सतार.

"ह्या कारखान्याचा कोपरान् कोपरा मला पाठ हाय," तो ओरडला. "बांधा माझे डोळे! आग लागू दे, न्हाईतर आभाळ कोसळू दे. बाहेर पडून दाखवतो!"

"बरं," चाचा म्हणाले.

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी त्याच्या डोळ्यांवर घट्ट बांधला.

"पुढं शेगडी भडकलीय. धूर झालाय. नीघ."

बाळगोंडानं आधी चाचपून आपली सतार उचलली. मग मागच्या दाराकडं सुटला. चार पावलं झोकात गेला, आणि सतारीची दांडी ढिगात अडकली. भोपळे धडाधड खाली आले. एक पायाखाली, एक पोटावर. सतार डोक्यावर धरून तो एका पायावर डुलत उभा राहिला.

"अरं मुडद्या, माझ्या अंगावर पडशील की!" हौसाबाई किंचाळली.

"चाचा, धरा हो! सतार पडंल!"

"कोण बोलतंय?" चाचांनी विचारलं. "धुरात दिसंना मला."

सगळे कारागीर खो खो हसले. बाळगोंडानं टॉवेल ओरबाडून काढला. तोंड लालबुंद झालं होतं.

"हसा, हसा! जळेन तर सतारीसंगं जळेन. तिला टाकून पळणाऱ्यातला मी न्हाई!"

"मग जवारी कुणासाठी काढू?"

बाळगोंडाला आणखीच संताप आला. त्या संतापातच त्यानं भोपळे उचलायला सुरुवात केली. दोघं मदतीला उठले, तर त्यांच्यावर खेकसला, "कुणी हात लावायचा न्हाई!" एकट्यानं सगळा ढीग माळ्यावर चढवला. दाराची कडी गंजून बसली होती. तिच्यावर हातोडा घातला तेव्हा कुठं दार करकरत उघडलं.

"आई गं, ऊन!" हौसाबाई डोळे किलकिले करून म्हणाली.

चाचा उठले. कानस घेतली, आणि मागच्या परसात जाऊन दगडावर बसले.

हातातली कानस बघून बाळगोंडाला जोर चढला. चाचांना हार मानायला लावायचीच, असं त्यानं ठरवलं. टॉवेल त्यानं स्वतःच डोळ्यांवर बांधला.

"पेटली शेगडी!" तो आतून गरजला. "आता बघाच!"

ह्या वेळी तो सतारीजवळ क्षणभर थांबला. तिच्या भोपळ्यावरून हात फिरवला. मग तिला तिथंच ठेवून निघाला. भिंत चाचपत, वाकून, झपझप. दाराशी पायाला लुगडं लागलं, तसा टांग टाकून पलीकडं गेला, आणि थेट उन्हात येऊन उभा राहिला.

टॉवेल भिरकावला. छाती पुढं काढली.

"बघा! सतारसुद्धा आत ठेवून आलो. जीव तुटला माझा, पण ठेवली. आता तरी जवारी काढताय का न्हाई?"

चाचांनी त्याच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं. उंबऱ्याच्या आत हौसाबाई तशीच बसली होती, हातात बोळा धरून.

"सतार ठेवून आलास, झकास केलंस," चाचा म्हणाले. "...हौसाबाईला कशाला ठेवून आलास?"