पान न हलणारी टेकडी

या निजवाघाच्या टेकडीवर पान हलत नाही. खालचा ओढा वाहतो, पण आवाज करत नाही. ऐका. मोबाईल सायलेंटवर टाका, दादा. कारण सांगतो.

दीडशे वर्षांपूर्वी इथं रंगोबा चितारी राहायचा, असं सांगतात. त्याचा शिळाप्रेस होता. गुळगुळीत दगडावर चित्र काढायचं, शाई लावायची, वर कागद दाबायचा. चित्राखाली कविता. ती त्याची बायको भागू रचायची. लोक जत्रेत ते कागद घेऊन भिंतीला डकवायचे.

एकदा रंगोबानं ओढ्यावर पाणी भरणारी आपली लेक चिमा काढली. आंबा, वेली, सगळं काढलं.

भागू म्हणाली, "छान आहे. पण घेणार कोण? वाघ पाहिजे."

"पोरीच्या मागं वाघ?"

"अहो, कागदावरचाच ना!"

त्यानं झुडपात वाघ काढला. जागा कमी, त्यामुळं वाघाचे पट्टे चिमाच्या लुगड्याच्या रेघांतच गुंतले.

पहिल्या कागदावर वाघ झुडपात होता. दुसऱ्यावर बाहेर. पुढच्यावर त्याचा पंजा घागरीपाशी. चिमा तेव्हा खरोखरच ओढ्यावर गेलेली. दोघं तिकडे धावले. चिमा पाण्यात उभी, मागं वाघ. खराखुरा. कानावर शाईचा डाग. छपाई थांबली तसा तोही थांबला होता. पण चिमालाही हलता येईना.

रंगोबा परत येऊन दगडावरचा वाघ घासायला लागला. भागूनं हात धरला. "तो पुसाल तर पोरही पुसली जाईल!"

मग त्यानं वाघाचे नुसते डोळे मिटवले. भागूनं अंगाई रचली, ती त्यानं चित्राखाली उलट्या अक्षरांत लिहिली, कागदावर सुलटी उमटावी म्हणून:

नीज नीज रानराया, पान हलेना
वारा धरून ठेवला, पाणी बोलेना

कागद दाबला. ओढा गप्प झाला. वाघ पेंगला, आडवा पडला, त्याच्यावर गवत उगवलं. चिमा भरली घागर घेऊन घरी आली. भागूनं आधी तिला धपाटा घातला, मग रडली.

तो निजलेला वाघच म्हणे ही टेकडी. तुम्ही बसलाय ती मान.

आजही गावकरी दर साली त्या दगडावरून एक कागद काढतात, वाघाची झोप मोडू नये म्हणून. पण दगड झिजलाय. यंदा वाघ स्वच्छ आला. कविता उमटलीच नाही.

घाबरू नका. पान हलत नाही तोवर काही होत नाही.

ताई, ती ओढणी तुम्हीच हलवताय ना?