भावोजींचा हॉल मोड

अनसूयाबाईंचे यजमान गेले आणि मागे उरली त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट. घरातला टेपरेकॉर्डरही बंद पडलेला, म्हणून ती पिशवीत घालून त्या मिरजेला धाकट्या दिराकडे गेल्या. तो आवाज पुन्हा एकदा कानावर पडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

दीर मधुसूदनराव म्हणजे चालतंबोलतं शहाणपणाचं दुकान. कॅसेटवरचं गाणं त्यांनी आपल्या पाच स्पीकरांच्या यंत्रात उतरवून घेतलं आणि घरी जमलेल्या पाहुण्यांसमोर रिमोट उगारला.

"वहिनी, हा सिनेमा मोड, हा हॉल मोड. आता डोळे मिटा. दादा या खोलीत आलाय असं वाटलं नाही, तर नाव बदलीन."

बाईंनी डोळे मिटले. आवाज डावीकडून आला, पाठीमागून आला, छतातूनही घुमला. आपला माणूस नेमका कुठे बसलाय तेच त्यांना कळेना.

"काय वहिनी, आला ना दादा?"

"आला की. पण भावोजी, माझा नवरा एका जागी मांडी ठोकून गायचा. चहूकडून आवाज देतं ते भूत. गेलेल्या माणसाला परत आणतो म्हणालात आणि त्याचं पिशाच करून ठेवलंत. तुमचे हे मोड आधी मोडीत काढा."

पाहुणे हसले. मधुसूदनरावांनी मान खाली घालून एकेक मोड बंद केला. मग आवाज समोरून आला, साधा, जरा खरखरीत, अगदी यजमानांचाच.

बाईंनी झटकन डोळे उघडले. समोर नुसती स्पीकरची पेटी होती.