द्वारकीच्या छातीतला पारवा

एक होतं गाव, आणि त्या गावात होती एक मुलगी, द्वारकी. तिच्या छातीत एक पारवा राहायचा. हसताय काय? राहायचा म्हणजे राहायचा! द्वारकी धावली, की तो घाबरून फडफडायचा, घूं घूं करायचा. मग तिला श्वासच पुरायचा नाही.

आईनं जंग जंग पछाडलं. शेजारणीनं धुरी दिली, तर पारवा जास्तच बिथरला. मांत्रिकानं मोरपीस फिरवलं, तर त्याला वाटलं, कुणीतरी खेळायलाच आलंय. मग आले वैद्यबुवा. म्हणाले, "हा काही जायचा नाही. पण रोज चाटण दिलंत, तर शहाण्यासारखा राहील." राहिला हो! पण आईचा जीव धास्तावलेला. ती द्वारकीला उंबरा ओलांडू देईना.

मग आला भोंडला. पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकल्या डब्यातली खिरापत ओळखायची. द्वारकी आपली घरात. मैत्रिणी मायेच्या, बरं का. रोज वाटीभर खिरापत आणून देत. एके दिवशी करंज्या, दुसऱ्या दिवशी वाटली डाळ. तिसऱ्या दिवशी द्वारकीनं भोकाडच पसरलं.

"अगं, आवडली नाही का?" आईनं विचारलं.

"मला खायची नाहीये! मला ओळखायचीय!"

मग द्वारकीनं छातीवर हात ठेवला. "पारव्या, मला जाऊ दे ना रे."

पारवा म्हणाला, "मी कुठं अडवतोय? गरगर फिरलीस, की मला भीती वाटते. मी फडफडलो, की तू जरा टेक. मी निवतो."

हे आईनंही ऐकलं बरं का. दुसऱ्या दिवशी तिनं चाटण दिलं, वेणी घातली आणि द्वारकीला समोरच्या अंगणात पाठवलं.

दोन फेर झाले. पारवा फडफडला. द्वारकी मुकाट्यानं हत्तीच्या पाटाशी टेकली. मुली थबकल्या.

"थांबताय काय? गा की गं!" द्वारकी म्हणाली.

मुली गात राहिल्या. पारवा हळूहळू निवला. मग आला डबा.

"लाडू!"

"नाही!"

"शंकरपाळे!"

"नाही!"

"चिवडा?"

"नाहीच मुळी!"

तीनदा चुकली बाई, आणि अशी खुदखुदून हसली, की दाराआडून बघणाऱ्या आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पारवा अजून तिथंच आहे. द्वारकी सुखात आहे, आई सुखात आहे, तुम्हीही सुखात राहा. डब्यात काय होतं म्हणता? मिटा डोळे, आणि ओळखा पडल्या पडल्या.