कडजाईची तुळई

कडजाईच्या देवळासमोर, ऐन कड्याशेजारी, एका काळ्या दगडावर सागवानी तुळई आडवी ठेवली आहे. देवळाला छप्पर घातलं, पण ती वर चढवली नाही. का, ते इथले गुरवकाका येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मी ऐकलं तसं लिहिते. बरोबर लिहीन, अशी आशा आहे.

देऊळ बांधत होते तेव्हाची गोष्ट, म्हणे. ठकू नावाची बाई मजुरांसाठी कावडीने पाणी आणायची. तिचा सुभान अकरा महिन्यांचा, नुकता रांगता. ती घागरी उतरवत होती तेवढ्यात तो याच दगडावर अर्धी दरीवर आलेल्या तुळईवर चढला आणि रांगत थेट दरीवरच्या टोकाला पोचला. अलीकडचं टोक जमिनीवरून उचललं गेलं. तुळई हळूहळू दरीकडे कलू लागली.

"अरे, चला! सगळे ह्या टोकावर उड्या टाका!" हरबा सुतार ओरडला.

"खबरदार दाजी! धपकन बसाल, अन् माझं पोर चेंडूगत उडंल."

"मग काय तू एकटी पेलणार? पिसाएवढी बाई!"

"एक घागर भरलेली, एक अर्धी, अशी कावड रोज आणते मी. खांदा भरल्या घागरीजवळ धरावा लागतो. हितं भरली घागर मी."

ती दगडाला लागूनच तुळईवर बसली आणि बोटबोट मागे सरकली. कलणं थांबलं. अजून एक वीत. तुळई सरळ झाली.

"ये रे सुभान्या, ये."

पोर वळलं. ते चार विती पुढे आलं, की ती एक वीत पुढे. घाई केली तर ते खाली जाणार, उशीर केला तर वर. असं सांगतात, की मायलेक त्या दगडावर एकमेकांना भेटले, तोवर तुळई तसूभरही हलली नाही. मजुरांनी चांगभलं केलं, ते खालच्या तीन वाड्यांना ऐकू गेलं. हरबाने पागोटं काढून ठकूपुढे ठेवलं. "या तुळईवर आता कौलं नको," म्हणाला.

आजही गावातलं पोर रांगू लागलं, की आई त्याला घेऊन इथे येते. तुळई आता कड्याला समांतर फिरवली आहे, खाली पेंढा असतो. पोर एका टोकाला, आई दगडाच्या दुसऱ्या बाजूला. बापाने, सासूने हात लावायचा नाही. कुठे बसायचं ते आईनेच ठरवायचं. माझ्या लेकीच्या वेळी मी सहा वेळा मागेपुढे झाले. "अगं, ठरव एकदाचं!" सासूबाई वैतागल्या. मग तुळई सरळ झाली, लेक रांगत माझ्याकडे आली, आणि सगळ्यांत मोठ्याने चांगभलं मीच ओरडले.