अंकुशसाठी वाजलेली घंटा

एका लहान शहराच्या ख्रिस्ती मंडळीत शांतवन मकासरे नावाचे एक शिक्षक होते. वीस वर्षे त्यांनी चर्चमध्ये पेटी वाजवली, पोराबाळांना गीते शिकवली, आणि कुणाच्या घरी आजारपण आले की उशाशी बसून प्रार्थनाही केली. शास्त्र आणि सूर त्यांनी बालपणी एकाच माणसाकडून घेतले होते, ते म्हणजे वृद्ध पाळक उमापबाबा. बाबा आता ऐंशीच्या पुढे गेले होते; पण गुरुजी त्यांच्यासमोर अजूनही शिष्यासारखेच बसत.

पन्नाशीला टेकता टेकता गुरुजींच्या हृदयाने दगा दिला. तीन रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या. मोठ्या रुग्णालयात बायपाससाठी गुरुवार ठरला. शेजारच्या खाटेवर अंकुश नावाचा एक तरुण होता, फरशी बसवणारा कारागीर. त्याचीही हृदयाची शस्त्रक्रिया मंगळवारी व्हायची होती. आठ दिवसांत दोघांची चांगली गट्टी जमली. सोमवारी अंकुशने डॉक्टरांपुढे हात जोडले. "साहेब, आई बुधवारी येतीय गावाकडनं. तिला बघितल्याबिगर मला आत नका नेऊ." मग वळून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही जाता का आधी?"

डॉक्टरांनी दोघांचे कागद पाहून होकार दिला. गुरुजींनीही मान डोलावली. खरे सांगायचे तर त्यांना हायसेच वाटले. आणखी दोन दिवस भीतीत काढण्यापेक्षा एकदाचे होऊन जावे, एवढाच विचार त्यांच्या मनात आला होता.

मंगळवारी सहा तास चाललेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पाचव्या दिवशी अतिदक्षता विभागातून गुरुजींना वॉर्डात आणले, तेव्हा शेजारच्या खाटेवर भलताच माणूस झोपला होता. त्यांनी सिस्टरकडे पाहिले. ती औषधांचा ट्रे सारखा करत म्हणाली, "मंगळवारीच दुपारी गेला, गुरुजी. तुम्ही आत होतात तेव्हा."

गुरुजी घरी आले. माणसांची रीघ लागली. "देवानं तुमच्यासाठी वेळ बदलली बघा!" असे जो तो प्रेमाने म्हणे, आणि टाके घातलेली छाती आतून कळवळे. आपल्यासाठी वेळ बदलली, तर त्या पोराच्या वाट्याला आलेली वेळ कुणी बदलली? पेटीवर धूळ साचली. इतरांनी प्रार्थना केली की गुरुजी 'आमेन' म्हणत, पण तो शब्द ओठांच्या आत शिरत नसे.

चौथ्या महिन्यात मंडळीने त्यांच्यासाठी उपकारस्तुतीची उपासना ठरवली. नंतर सर्वांना जेवण. आदल्या आठवड्यात गुरुजी कसेबसे चालत बाबांच्या घरी गेले.

"बाबा, रविवारी मला पुढे उभे करू नका."

"का रे?"

गुरुजींनी अंकुशबद्दल सगळे सांगितले. "धन्यवाद निघतच नाही तोंडातून. म्हणायला गेलो की वाटते, त्या पोराच्या प्रेतावर उभा राहून बोलतो आहे. त्याने विचारले तेव्हा मी एकदाही 'नको' म्हटले नाही, बाबा."

बाबांनी उपदेश केला नाही. त्यांनी शिष्याचा हात हातात घेतला. मग विचारले, "वय काय होते त्याचे?"

"बत्तीस."

"आपल्याकडे कुणी रडले का त्याच्यासाठी?"

"आपल्याकडे त्याला ओळखतो कोण?"

"रविवारी ये," बाबा म्हणाले. "बोलू नकोस, पण ये."

रविवारी सकाळी चर्चच्या दाराला झेंडूचे तोरण लागले होते. मागच्या अंगणात भाताचा टोप चुलीवर चढला होता. इतक्यात घंटा वाजली. एक ठोका. मग लांब शांतता. मग दुसरा ठोका. त्या मंडळीत कुणी वारले की जितके वय तितके ठोके असेच सावकाश देत. बायकांच्या हातातल्या पळ्या थबकल्या. "गुरुजी गेले!" कुणीतरी किंचाळले आणि माणसे फाटकाकडे धावली. पाहतात तो रिक्षातून गुरुजीच उतरत होते, पत्नी एस्तेरच्या खांद्याचा आधार घेऊन.

घंटेचा दोर बाबांनी स्वतः धरला होता. मदतीला आलेल्यांना ते मानेनेच नको म्हणत होते. एस्तेर तरातरा पुढे गेली. "बाबा, माझा माणूस जिवंत घरी आलाय, अन् तुम्ही मरणाची घंटा वाजवताय? काय म्हणावं याला?"

बाबांनी ठोके थांबवले नाहीत. बत्तिसावा ठोका विरून गेल्यावर ते पायरीवर टेकले आणि धाप आवरत म्हणाले,

"पोरी, ही घंटा अंकुश नावाच्या मुलासाठी होती. आपण एक माणूस वाचला म्हणून जेवण मांडले, ते योग्यच आहे. पण त्याच दिवशी त्याच्या शेजारचा गेला, त्याच्यासाठी आपल्यापैकी कुणी डोळे पुसले नाहीत. ते सगळे रडणे शांतवनने एकट्याने छातीत कोंडून ठेवले आहे. त्याच्या तोंडून स्तुती कशी निघेल? एक का राहिला आणि एक का गेला, हे मला माहीत नाही. पन्नास वर्षे मी माणसांना माती दिली, तरी माहीत नाही. पण आपला प्रभू मेलेल्या मित्राला कबरेतून जिवंत उठवणार होता, तरी आधी तिथे उभा राहून रडला. मग आपल्याला एवढी घाई कशाची?"

एस्तेरने डोक्यावर पदर घेतला आणि ती बाबांच्या शेजारी पायरीवर बसली. मग गुरुजींनी तिथेच उभ्याने अंकुशची हकिकत सांगितली. सांगताना त्यांना हुंदका आवरेना. त्या दिवशी स्तुतीचे गीत झाले नाही. अनोळखी मुलासाठी मंडळीने प्रार्थना केली आणि माणसे हलक्या आवाजात बोलत जेवली.

निघताना बाबा म्हणाले, "आता त्याच्या आईला भेटून ये."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"देवाने जिवंत ठेवले आहे त्याच."

पंधरा दिवसांनी गुरुजी आणि एस्तेर अंकुशच्या गावी गेले. त्याची आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. गुरुजींनी आपण कोण ते सांगितले.

"तुमचंच आधी झालं न्हवं?" तिने विचारले.

"हो, आई. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मला क्षमा करा."

तिने मान वर केली नाही. "त्यानंच मागितलं हुतं. डाक्टर बोलले मला." शेंग हातातच राहिली. मग ती हळूच म्हणाली, "मी पोचले तवा सगळं झालं हुतं. त्या दिशी सकाळी त्यानं काय खाल्लं, एवढंबी कुणी सांगितलं न्हाई."

गुरुजी खाली जमिनीवर तिच्यासमोर बसले.

"उपमा खाल्ला. ऑपरेशनसाठी मला उपाशी ठेवलं होतं, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून खात होता. मी म्हटलं, इकडं वळून खा की रे. तर म्हणाला, तुमच्यापुढं घास उतरायचा नाही, गुरुजी."

"अन् माझं काय बोलला?"

"भावाला फोनवर बजावत होता. आईला गाडी लागते, तिला पुढच्या सीटवर बसव, खिडकीपाशी."

"लागती मला," म्हातारी म्हणाली, आणि तिने पदर तोंडाला लावला.

उन्हे कलेपर्यंत ते बसले. तिने तेच पुन्हा विचारले, गुरुजींनी तेच पुन्हा सांगितले. त्या सकाळी मुलाजवळ असलेला दुसरा कुणी तिला भेटणार नव्हता.

परतताना चढावर गुरुजींना दम लागला. ते बांधावर टेकले. एस्तेरने पाण्याची बाटली पुढे केली. ती तशीच हातात धरून त्यांनी डोळे मिटले. "प्रभो," ते म्हणाले, आणि पुढचे शब्द यायला फार वेळ लागला. "त्या माउलीला सांगायला मी उरलो. तुझे उपकार."

डोळ्यांतले पाणी त्यांनी पुसले नाही. एस्तेर शेजारी बसून राहिली, दम परत येईपर्यंत.