पर्समधलं औषध

मिरजेतल्या एका रुग्णालयात रुग्णांच्या प्रश्नांना एआय मदतनीस उत्तरं द्यायचा. त्याने कसं बोलावं याच्या सूचना हेमांगी तासकर सांभाळायची. संचालक डॉ. राजोपाध्ये यांनी त्यांत एक सूचना हट्टाने घालायला लावली होती: ‘माहीत नाही, असं कधीही म्हणू नकोस.’

एके दिवशी मदतनिसाने एका आईला बाळाच्या औषधाचं प्रमाण अंदाजानेच सांगितलं. तिने खात्रीसाठी नर्सला विचारलं, म्हणून अनर्थ टळला. ते कळल्यापासून हेमांगीला एकच काळजी होती. पुन्हा कोणी असं विचारलं तर?

बैठकीत तिने ती सूचना काढायची परवानगी मागितली.

“ती राहणार,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या रुग्णालयात ‘माहीत नाही’ चालत नाही. पटत नसेल तर राजीनामा द्या.”

तरी हेमांगीने विचारलं, “सर, माझ्या पर्समध्ये एक औषध आहे. ते मी किती घ्यावं?”

“न बघता मला काय माहीत?”

“एवढंच मदतनिसालाही म्हणू द्या, सर.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काढा ती ओळ,” ते म्हणाले. “आत्ताच, माझ्यासमोर.”